ताईच्या गॅलरीखाली

४ फेब्रुवारी
पुन्हा बेत फिसकटला! साडी नेसून तयार होते, आणि दारातच धाप लागली. सूनबाईने माझ्या चपला निमूट कपाटात ठेवल्या. ताई याच गावात, गाडीने अर्ध्या तासावर – आणि तिला पाहून वर्ष उलटलं! फोनवर सांगितलं, मुलाला सुट्टी नाही. धापेचं कशाला सांगू? घोर लावून घेईल.

५ फेब्रुवारी
खिडकी, पलंग, खिडकी. सून म्हणते, फरशी झिजेल.

९ फेब्रुवारी
ही पाण्याची गोळी! सूज उतरते, पण घेतली की दिवसभर बाथरूमच्या वाऱ्या. अशी मी गाडीत कशी बसू? वाटेत कुणाचं दार ठोठावू? डॉक्टर म्हणतात, हृदयासाठी हवीच. इथे बसून जीव आंबतोय त्याला कुठली गोळी?
ठरलं. उद्यापासून गोळी बंद. परवा जायचं. चहासुद्धा नको.

११ फेब्रुवारी
गेले एकदाची! पाय इतके सुजले की मुलाच्या सँडल घातल्या. सुनेने आधी सँडल पाहिल्या, मग मला. सगळं ओळखलं तिने. तरी टॅक्सी बोलावली, सोबत आली.
ताई तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पाच-सहा पायऱ्यांतच डोळ्यांपुढे अंधारी. सुनेने धरून परत टॅक्सीत बसवलं. मी फोन लावला – "ताई, खाली आलेय. गॅलरीत ये, तोंड तरी दाखव."
"आले, आले," म्हणाली.
मान वर करून बसले. दोरीवर एक टॉवेल हलत होता, बाकी कोणी नाही. पुन्हा फोन केला, उचलला नाही. सून वर जाऊन बघते म्हणाली, मीच अडवलं – येते म्हणाली ना ती! ड्रायव्हर कुरकुरायला लागला. शेवटी सून म्हणाली, "आई, तुमचे ओठ निळे पडलेत. आता मी ऐकणार नाही."
तिथून थेट दवाखाना.

१२ फेब्रुवारी
गोळी पुन्हा सुरू. बोलणी पोटभर खाल्ली. ताईचा फोन नाही. मीही केला नाही. मी जिवावर उदार होऊन गेले, आणि हिला गॅलरीपर्यंत येववेना? फार लागलं मनाला. दुपारभर रडले.

१४ फेब्रुवारी
भाच्याचा फोन. ताई हल्ली वॉकर धरून चालते. पलंगापासून गॅलरीपर्यंत मध्ये दोनदा बसावं लागतं. मावशीला सांगायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद. त्या दिवशी गॅलरीत पोचली तेव्हा आमची टॅक्सी कोपऱ्यावर वळत होती.
मग ताईनेच फोन ओढून घेतला. "पुन्हा ये गं. फक्त निघताना कळव. तू घरातून निघालीस की मी पलंगावरून निघते."