पदूला मयत लिहू नये

मी, कोंडीराम पोशा गोतारणे, वय वर्षे अडुसष्ट, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी माथेरानच्या एका हॉटेलात जमादार, सध्या घरीच, राहणार नेरळ, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. कर्जतच्या वकिलांनी करून दिलेला मसुदा दीड पानाचा होता. त्यात घर आले, जमीन आली, मी कुठेच आलो नाही. म्हणून पुन्हा माझ्या हाताने लिहितो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी माणसे. पत्नी चंद्रभागा १९७७ साली वारली. मुलगा एकच, पद्माकर, त्याला सगळे पदू म्हणतात. त्याची बायको गौरा माझ्याजवळ राहते. धाकटा भाऊ नागू शेजारच्या घरात राहतो. पदू मार्च १९८२ मध्ये इराकला कामाला गेला. त्याचे शेवटचे पत्र त्याच वर्षी ऑगस्टात आले. त्यात इकडे फार गरम होते आणि गौराने शिवणाचे मशीन घ्यावे, एवढेच होते. मशीन घेतले. पत्र पुन्हा आले नाही.

२. राहते घर, दोन खोल्या, पडवी आणि मागचे आंब्याचे झाड, हे माझ्या कमाईचे असून ते मी सून गौरा हिला देत आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. तिच्या नावामागे 'सौ.' लिहू की 'श्रीमती', हे मला समजेना. तिलाच विचारले. ती म्हणाली, "आबा, नुसतं गौरा लिवा. बाकीचं मला पन ठावं नाय." म्हणून नुसते गौरा लिहिले आहे. ती एकतीस वर्षांची आहे. तिला पुन्हा लग्न करायचे असेल तर करावे आणि त्यानंतरही घर तिचेच राहील. त्या दिवशी बापाच्या जागी नागूने उभे राहावे. त्याला आजवर मी एवढे एकच काम सांगितले आहे.

३. शेताची जमीन, एकोणीस गुंठे. सातबाऱ्यावर माझे आणि पदूचे नाव आहे. नेरळात आता जिकडेतिकडे इमारती उठत आहेत आणि एका बिल्डरची आमच्या तुकड्यावर नजर आहे. त्याला पदूची सही हवी, नाहीतर पदू मेल्याचा दाखला. सात वर्षे माणसाची खबर लागली नाही तर कोर्ट त्याला मयत धरते, असे नागूने कुठूनसे ऐकले. ऑगस्टात सात वर्षे भरली आणि नागू अर्ज टाइप करून घेऊन आला. म्हणाला, "दादा, किती दिवस वाट बघशील रं? एक सही कर, मोकळा हो." मी त्याला पडवीतून हाकलले. चहासुद्धा घेऊ दिला नाही, त्याबद्दल वाईट वाटते. अर्जाबद्दल नाही. माझ्या नावे, माझ्या हयातीत किंवा मागे, पदूला मयत लिहिण्याचा अर्ज कोणीही करू नये. माझा हिस्सा गौराला. पदूचा हिस्सा पदूचा आहे, तो येईपर्यंत गौराने कसावा. गौराला स्वतःसाठी तसा अर्ज करावासा वाटला तर तो तिचा अधिकार आहे, त्यात मी आडवा येत नाही.

४. सरकारबद्दल. पदू पहिल्यांदा १९७९ साली गेला होता. दुसऱ्या वर्षी तिथे लढाई पेटली. सरकारने त्याला आणि त्याच्याबरोबरच्या कामगारांना ट्रकने सरहद्दीपार काढले, विमानात बसवले, मुंबईत उतरवले. पदू घरी आला तेव्हा त्याच्या अंगावर कोणाचा तरी कोट होता. त्या सरकारला मी हात जोडले होते आणि आजही जोडतो.

दीड वर्ष पदू घरी बसला. मग एक एजंट भेटला. लढाई चालूच होती. मी म्हटले, जाऊ नको. तो म्हणाला, "आबा, भिता कशाला? सरकार हाय ना मागं. मागल्या खेपेला आनलंच की." पोराला तिथे जायची हिंमत आली ती सुटका झाल्यामुळेच. एजंटने एक कागद पुढे केला. 'लढाईची कल्पना असून मी स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे.' पदूने सही केली. खाली साक्षीदार हवा होता. तिथे माझी सही आहे. मी चौथी शिकलेला, छापील कागद पुढे आला की हात आपोआप सही करतो. काय लिहिले आहे ते मी घरी येऊन गौराला सांगितले तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले.

५. पत्रे बंद झाल्यावर मी मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत अकरा वेळा गेलो. मोठ्या कंपन्यांच्या माणसांच्या याद्या त्यांच्याकडे होत्या. एजंटामार्फत गेलेल्यांची यादी नव्हती. अकराव्या खेपेला एका साहेबाने फाइल उघडून, एजंटाकडून मागवलेली त्या कागदाची नक्कल माझ्यापुढे ठेवली. "आजोबा, ही सही तुमचीच ना? एकदा आणलं त्याला. माहीत असून पुन्हा गेला, लिहून देऊन गेला. सरकारने किती वेळा आणायचं?" त्या साहेबाचे नाव या मृत्युपत्रात लिहायचे, सात पिढ्यांना कळू द्यायचे, असे मी ठरवले होते. आता लिहीत नाही. कारण खालच्या कलमात आहे. त्यातले पंचवीस वर्षे मी कोणालाही सांगितले नाही, चंद्रभागा होती तोवर तिलाही नाही.

६. सखा आखाडे. हॉटेलात माझे काम जमादाराचे, पण माथेरानात मला ओळखत ते दोरासाठी. कड्यावरून कोणी घसरले की झाडाला दोर बांधून मी खाली उतरायचो. सतरा जिवंत आणि नऊ मेलेले वर आणले. आमच्या मॅनेजरचा नियम होता, हॉटेलचा पाहुणा पडला तर दोर ताबडतोब काढायचा, दुसरे कोणी पडले तर पोलीस चौकीची चिठ्ठी आल्यावर.

सखा त्याच हॉटेलात पाणी भरत असे. १९६४ च्या श्रावणात एका पाहुण्याचा कॅमेरा कड्याखालच्या टप्प्यावर पडला. बक्षिसासाठी सखा निघाला. मी म्हटले, "सखा, शेवाळ हाय, जाऊ नको." तो हसला, "तू जातोस की दर खेपेला." तो गेला आणि त्याहून खालच्या टप्प्यावर पडला. त्याची बायको अंबाबाई माझ्याकडे धावत आली. "कोंडीदादा, त्यो हाका मारतोय. दोर काढा." माझ्या डोक्यात राग होता, की सांगूनही ऐकले नाही. मी म्हणालो, "आपल्या पायानं गेला ना? चौकीची चिठ्ठी आन." चौकी लांब, धुके दाट. ती गेली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. चिठ्ठी घेऊन परतली तेव्हा दोन.

त्या चार तासांत सखा हाका मारत होता. माझे नाव घेऊन मारत होता. घोडेवाले म्हणाले, आवाज येतोय. मी म्हणालो, "वारा हाय. त्यो मगाशीच गेला." दोर माझ्या खांद्यावर होता. कोणी मला धरून ठेवले नव्हते. अडीच वाजता मी खाली पोचलो तेव्हा सखाचे अंग अजून गरम होते. अंबाबाईला मी सांगितले की, तू गेल्याबरोबर आवाज बंद झाला. ते खोटे होते. मला त्याची लाज वाटते आणि ती या कागदानेही जाणार नाही.

म्हणून त्या साहेबाला मी नावे ठेवू शकत नाही. तो बोलला ते माझेच शब्द होते. आणि म्हणूनच पदूला मी मयत लिहू देत नाही. हाका ऐकू येत असताना मी एका माणसाला मेलेला ठरवले आहे. आता ऐकू येत नाही, एवढ्यावरून दुसऱ्याला ठरवणार नाही.

७. दोर. हॉटेलचा दोर केव्हाच कुजला. सध्याचा मी १९७८ साली माझगावच्या गोदीजवळून आणला. तो, कप्पी, पहार आणि झोळी हे सर्व माथेरानच्या घोडेवाल्यांना एकत्रित द्यावे. अट एकच. पडलेला माणूस तिथे का गेला होता, हे तो वर आल्यावर विचारावे. तेव्हा खुशाल शिव्याही द्याव्यात. मी सतरातल्या चौदांना दिल्या आहेत.

८. कचेरीच्या पत्रव्यवहाराची फाइल पेटीत आहे. ती श्रीपत रोकडे गुरुजींनी माझ्या मागे दिल्लीला पाठवावी आणि सोबत माझ्या नावे एवढेच लिहावे. पासपोर्ट देताना ज्याचे नाव लिहून घेता, त्याच्या परतण्याचीही नोंद ठेवा. ज्याची नोंद होणार नाही त्याला शोधा, मग तो कंपनीचा असो वा एजंटाचा, पहिल्यांदा गेलेला असो वा दुसऱ्यांदा. दोरावर उतरणाऱ्यालाही बायकापोरे असतात, हे मी जाणतो. प्रत्येकाला जिवंत आणता येत नाही, हेही जाणतो. लढाई थांबून वर्ष उलटले. 'तिथे जाऊन आम्ही पाहिले', एवढे वाक्य मला कोणी लिहून पाठवले असते तर मी अर्जावर सही केली असती.

९. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, कमी गर्दीत करावा. नागूला पुढे घ्यावे, तो मागे उभा राहील, त्याला ओढून घ्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रोकडे गुरुजींनी करावी.

गौराला यात मिळकत दिली असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही, असे वकील म्हणाले. दुसरा साक्षीदार कोण हवा, हे मी स्वतः ठरवले आणि काल गुरुजींना माथेरानला पाठवून बोलावून घेतले. हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचले. सहावे कलमही वाचले.

ठिकाण : नेरळ
तारीख : १२ नोव्हेंबर १९८९

कोंडीराम पोशा गोतारणे
(सही)

साक्षीदार १ : श्रीपत बाळू रोकडे, निवृत्त शिक्षक, नेरळ
(सही)

साक्षीदार २ : अंबाबाई सखा आखाडे, माथेरान
(डाव्या हाताचा अंगठा)

टीप, साक्षीदार १ याच्या हस्ताक्षरात : सहावे कलम ऐकल्यावर अंबाबाई उठून आंब्याखाली जाऊन बसल्या. बऱ्याच वेळाने आत आल्या. त्यांनी सांगितले तसे, त्यांच्याच शब्दांत लिहीत आहे. "त्यो हाका मारीत व्हता हे आज लिवलंत, बरं केलंत. म्या माफी दिली, असं कुटं लिवू नका. पदूला शोधा, त्याच्यासाठी अंगठा देते."