अमेरिकन हरणासाठी पातं

३ सप्टेंबर १९९१, मंगळवार
बाबुराव शेठनी केबिनमध्ये बोलावलं. मानपाड्याचा आमचा गाळा त्यांचाच. आजवर आम्ही विळ्या आणि गवत कापायची पाती करायचो. बरेच महिने ऑर्डर नाही. आता अमेरिकेतल्या एका पार्टीने बाणाच्या टोकांचे तीन नमुने पाठवलेत. ब्रॉडहेड म्हणतात. तिकडे लोक लायसन्स काढून धनुष्यबाणाने हरणं मारतात. आपल्याकडे मारलं तर आत जावं लागेल. तीनपैकी एक निवडायचं, डझनभर बनवून पाठवायचं. पास झालं तर गाळा चालू. नाहीतर दिवाळीला कुलूप, असं शेठ म्हणाले.

निवड माझ्यावर सोपवली. साहजिकच आहे, सुपरवायझर मी. आठवड्यात निकाल लावतो.

११ सप्टेंबर
आठवडा कमी पडला. नमुने टेबलावर आहेत. एक साधं, दोन धारांचं. एक तीन पात्यांचं. एक मिटलेलं असतं, लागलं की छत्रीसारखं उघडतं.

आमचा ग्राइंडिंगवाला विश्राम म्हणाला, साहेब, दोन धारांचं घ्या, आपल्या मशीनवर आरामात निघेल. मी म्हटलं, अरे, मशीनचा काय विचार करतोस, हरणाचा कर! मशीनवर परत गेला. पटलेलं दिसतंय.

हरीण मी एकदा राणीच्या बागेत बघितलेलं. झोपलेलं होतं.

१५ सप्टेंबर, रविवार
घरी टेस्ट घेतली. मंडळाच्या नाटकातलं धनुष्य आणलेलं, पहिल्याच ओढीला मोडलं. मग नमुने हातानेच फेकले. टार्गेट दुधी. दोन धारांचं सरळ घुसलं. मिटलेलं उघडलंच नाही. तीन पात्यांचं दुधीला लागलं नाही, कपाटाला लागलं. पण कपाटात काय खोल गेलं!

कलावतीने तोच दुधी चिरून भाजी टाकली. म्हणाली, अहो, विश्रामभावजींचं ऐका की जरा. म्हटलं, तुला टेक्निकल कळत नाही. भाजी जेवलो. चव कळली नाही. हल्ली कशाचीच कळत नाही.

२० सप्टेंबर
फायनल. तीन पात्यांचं. हातात धरून बघितलं तर हुबेहूब बेलाचं पान. याहून शुभ काय असणार? विश्राम म्हणतो, तीन पाती एका मापात बसवणं कठीण आहे. शेठ नुसतं "बघा" म्हणाले. पूर्ण विश्वास आहे माणसाचा.

२५ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. नवीन काम सुरू करणार नाही. शेठ म्हणाले, अहो, अमेरिकेत कुठला आलाय पितृपक्ष? म्हटलं, गाळा मानपाड्यात आहे.

दिवसभर पंख्याकडे बघत बसलो. काळजी वगैरे काही वाटत नाही. पूर्वी वाटायची, आता तीही नाही.

घटस्थापना
श्रीगणेशा केला. विश्राम जेवायलाही उठला नाही. मी देखरेख केली. फार दमलो.

खंडेनवमी
बारा ब्रॉडहेड तयार! धार अशी की नुसत्या नजरेने बोट कापेल. पॅकिंगच्या जनीने तेल लावून ठेवलेले.

आज हत्यारांची पूजा. मशीनी धुतल्या, झेंडूचे हार घातले. पाती मी स्वतः पाटावर मांडली. जनी म्हणाली, साहेब, ती नका ठेवू पूजेत, पाणी लागेल. अगं, गाळ्यातलं सगळ्यात मोठं हत्यार हेच! तेलावर कुंकू नीट बसेना, म्हणून तेल पुसून टाकलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. शेठनी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. एरवी एवढे देवभक्त नाहीत.

पूजेतल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो. तशीच ठेवली.

दसऱ्याचा दुसरा दिवस
पार्सल रवाना. पाती जरा लालसर दिसत होती. विश्राम कपडा घेऊन आलेला. म्हटलं, पूजेचं कुंकू पुसतोस? शरम नाही वाटत? तशीच पॅक करायला लावली. जनी माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असेल.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
फॅक्स आला. शेठनी मोठ्याने वाचला. आम्ही नवे नमुने मागितले होते, तुम्ही शिकारीत वापरलेले पाठवलेत. गंज चढलाय, वर रक्त वाळलंय. पुन्हा संपर्क करू नये.

मी शेठना समजावलं. बघा, खुद्द अमेरिकन शिकाऱ्यांना वाटलं की आपल्या पात्याने हरीण पडलं! हे सर्टिफिकेटच झालं. शेठ ऐकत होते. मग म्हणाले, सहदेव, तुम्ही घरी जा. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी सांगितलं. कलावती भांडी घासत होती, घासत राहिली. रडू येईल म्हणून थोडा वेळ थांबलो. आलं नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळपासून मशीनी टेम्पोत चढतायत. शेजारच्या गाळ्याचे काळुराम शेठ आलेले. विश्रामला म्हणाले, उद्यापासून ये. जनीलाही म्हणाले. सगळ्यांना नाव घेऊन बोलावलं.

मला काही म्हणाले नाहीत. एवढ्या सीनियर माणसाला सगळ्यांसमोर कसं विचारणार? संकोच वाटला असणार. म्हणून सगळे गेल्यावरही खुर्चीत बसून राहिलो, त्यांना सोपं जावं म्हणून. दार उघडं ठेवलेलं.

बऱ्याच वेळाने पावलं वाजली. शर्ट नीट केला, ताठ बसलो.

टेम्पोवाला होता. म्हणाला, साहेब, उठता का जरा? खुर्ची न्यायची राहिलीय.