निळ्या डोळ्याचा सुरय

९ जानेवारी
उद्या किनाऱ्यावर क्लबची हिवाळी पक्षीगणना. गणना संपली की नवा लीडर निवडणार. म्हणजे मलाच. सध्याचा लीडर दातांचा डॉक्टर आहे. माणसाने दात बघावेत, पक्षी कशाला? नवी दुर्बीण घेतली. ही म्हणाली, जुनी तरी कधी डोळ्याला लावलीत? दुर्लक्ष केलं. हिला व्हिजन नाही. दर रविवारी क्लबमध्ये कसलंसं रंगकाम करायला जाते. जाऊ दे, तेवढाच हाताला चाळा.

संकल्प: उद्या कमी बोलायचं.

१० जानेवारी, पहाट
गजर वाजला नाही. (लावला नव्हता. अंतर्मनावर विश्वास होता.) हिने उठवलं. गाडीत सांगायला लागली, की तिकडे खडकावर आम्ही... मी म्हटलं, शू! पक्षी उडतील. ही म्हणाली, अहो, आपण अजून पेट्रोल पंपावर आहोत. पक्ष्यांचे कान किती तिखट असतात, तिला काय माहीत!

१० जानेवारी, सकाळ
बोटं गारठलीत, तरी लिहितो. क्षण ऐतिहासिक आहे. खडकावर एकटा सुरय! काळी टोपी, पिवळी चोच आणि डोळा चक्क निळा! असा समुद्रपक्षी कुठल्याच पुस्तकात नाही. नवीन जात. माझं नाव द्यावं लागणार. ही पुन्हा म्हणाली, अहो, ऐका तरी, तो... पुन्हा शू. आता तोंड उघडलंस तर गाडीत जाऊन बस, असंही सुनावलं. सगळ्यांसमोर. लीडरला कठोर व्हावं लागतं. ही गप्प झाली. मग गालात हसत राहिली. थंडीमुळे असेल.

१० जानेवारी, दुपार
सगळ्यांना गोळा करून भाषण दिलं. नर आहे, हे चालीवरून ओळखलं. (उभं राहण्याचीही एक चाल असते.) एवढा वारा, पण एक पीस हलत नाही, याला म्हणतात शिस्त. डॉक्टर फारच नम्रपणे म्हणाला, साहेब, अजून सांगा ना. सांगितलं. आवाज कसा काढतो, म्हणाला. काढून दाखवला. त्याने फारच आग्रह केला म्हणून परत एकदा, हात पंखांसारखे हलवून.

मग डॉक्टर पँट दुमडून खडकावर गेला आणि माझा सुरय काखोटीला मारून घेऊन आला.

लाकडी. त्याला बघून खरे सुरय उतरावेत म्हणून क्लबने ठेवलेला. पोटाखाली हिची सही. डोळ्यापाशी काळा रंग संपला होता म्हणे.

सगळे पोट धरून हसले. सर्वांत जास्त ही. हसता हसता वाळूतच बसली. लग्न झाल्यापासून तिला एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं.

१० जानेवारी, संध्याकाळ
लीडर ही झाली. मला एक मत पडलं. माझंच. हिचं तरी पडेल असं धरून चाललो होतो. का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं. म्हणाली, दोनदा सांगायला गेले होते.

११ जानेवारी
डोळा काळा करायला सुरय घरी आणलाय. टेबलावर माझ्या जागेवर ठेवलाय. सकाळपासून ही रंगवतेय आणि त्याच्याशी बोलतेय. बहिणीचं, गुडघ्याचं, कधीतरी गाणं शिकायचं होतं त्याचं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मोठ्या मनाने जवळ जाऊन बसलो, म्हटलं, अगं...

ही म्हणाली, शू.