भगदडीला मराठीत काय म्हणतात

आई, मी तुझी धाकटी. ओळखलंस का? जिवंतपणीसुद्धा आधी सगळ्या भावंडांची नावं घेऊन झाली की मग तुला माझं आठवायचं. आता तर तुला जाऊन चाळीस वर्षं झाली. अक्षर नातीचं आहे. मी बोलते, ती लिहिते. कुणाकडून तरी वाचून घे, तुला तरी कुठे वाचता येत होतं!

मुलाची बदली जयपूरला झाली, तेव्हापासून मी इथे. दुपारी कूलरमधून वाळ्याचा वास येतो, झालान्याच्या जंगलाकडे मोर ओरडतात, आणि मी जागी आहे की झोपेत ते माझं मलाच कळत नाही. परवा अशीच पडले होते, तर नात शाळेच्या मेळ्यातून धापा टाकत आली. "आजी, भगदड झाली! कुणीतरी आग आग ओरडलं. मतलब... भगदडला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, चेंगराचेंगरी. "पण कुणी चेंगरलंच नाही. सगळे भागले. मी पण भागले." "भागलीस म्हणजे दमलीस की पळालीस?" "पळाले, मैत्रिणीला सोडून. उद्या सॉरी म्हणेन," म्हणाली, आणि गेली पाणी प्यायला.

मी डोळे मिटले, तर आपल्या गावची जत्रा. धूळ सोनेरी होऊन तरंगते आहे. तुझी काकणं माझ्या मनगटाला घासताहेत. बैल उधळला, असं कुणीतरी ओरडतं. तो बैल मला अजून दिसलेला नाही. मग तू खाली पडलेली, तुझ्या पायावरून माणसं जाताहेत, आणि मी लांब, बत्तासेवाल्याच्या पालाखाली. तो पाय पुढे कधी सरळ पडला नाही. कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "चेंगराचेंगरी झाली हो, पोरीचा हात सुटला." शब्दच असा, की त्यात सगळे चेंगरलेले, पळालेलं कुणी नाहीच. त्याच्या आडोशाला मी साठ वर्षं बसले. इथल्यांच्या शब्दात मात्र पळणं आहे, आणि ही पोर ते पाणी पिता पिता सांगून मोकळी होते.

हात सुटला नव्हता, आई. मी सोडवून घेतला. तू घट्ट धरला होतास, मी तुझी बोटं एकेक करून उलगडली. तुला ठाऊक होतं. तरी जन्मभर "सुटला" म्हणालीस.

नात लिहायची थांबली आहे. "आजी, पत्ता काय टाकू?" काही टाकू नकोस म्हटलं. हे अंतर्देशीय माझ्या गादीखालीच राहणार आहे. पण तिकडून कुणी इकडे यायचं असलं, आणि तू रागावली नसशील, तर कुळथाचं पीठ पाठव. रागावली असशील, तरी पाठव. इथे मिळत नाही.