लाल की हिरवी

६ जून
आज नवऱ्याने वायरनेच मारलं. पाठीवर वळ उठलेत, खुर्चीला टेकता येत नाही. कारण? लाँड्रीत वायरिंगचं काम चालू असताना लाँड्रीवालीने सहज विचारलं, "इलेक्ट्रिशियन हे की तुम्ही? वायरी तर तुम्हीच निवडून देताय." मी हसत बोलून गेले — "त्यांना लाल-हिरवं एकसारखंच दिसतं." लग्नापासून झाकलेली मूठ मी उघडली. घरी आल्यावर त्याने दाराला कडी लावली.
समोर 'अहो', इथे मात्र 'तो'. कागद थोडाच थोबाडीत मारणार आहे!

७ जून
लाल वायर करंटची, ती स्विचला. हिरवी अर्थिंगची, ती लोखंडी बॉक्सला; अदलाबदल झाली तर बॉक्समध्येच करंट. काळी त्याची त्याला ओळखू येते. उरलेल्या दोघींसाठी माझ्या शब्दावर त्याचा जीव. आणि आज माझ्याच तोंडावर करंट तपासायचा टेस्टर फेकला! मी वाकले, टेस्टर भिंतीवर फुटला. "एक दिवस चुकीची वायर देऊन मारशील मला," म्हणाला. तोवर मला सुचलंही नव्हतं.

८ जून
आता सुचतंय. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. स्वतःचीच भीती वाटते.

९ जून
मी सांगेन त्याच्या उलट करायचं, हे नवीन खूळ. दूध नासलंय म्हटलं — मुद्दाम प्याला. ओकला तो, लाथ मला.

१० जून
उद्या लाँड्रीत इस्त्रीचा स्विच बसवायचा आहे. "नवा टेस्टर घ्या," म्हटलं. नाहीच घेतला.

११ जून
रंग सांगायला मला नेलंच. लाँड्रीवालीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "ही लाल. ही हिरवी." तो माझ्याकडे बघून हसला. वायरी जोडल्या, मेन चालू केला, स्क्रू आवळायला बॉक्स धरला. फरशी ओली, पायात चप्पल नाही. हात सुटेचना. अंग धाडधाड भिंतीवर आपटत होतं. लाँड्रीवालीने धावत जाऊन मेन बंद केला, तेव्हा तो खाली पडला. उठला नाही.

१४ जून
लाँड्रीवालीने पोलिसांना शपथेवर सांगितलं, "तिने बरोबरच सांगितलं होतं." सासूबाईसुद्धा रडत म्हणाल्या, "ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं."
मी बरोबरच सांगितलं होतं. तो उलटं जोडणार, हे माहीत असून. खोटं बोलले असते, तर वाचला असता.