हिरव्या दिव्यावरची बंदी

प्रति,
मा. उपनिबंधक,
सहकारी संस्था, मुंबई उपनगर

विषय: शततारका सहकारी गृहनिर्माण संस्था, घाटकोपर (पूर्व) हिच्या विशेष सभेच्या इतिवृत्तात माझ्या वडिलांचे मत 'अस्पष्ट' असे नोंदवले आहे, ती नोंद दुरुस्त होण्याबाबत.

संदर्भ: संस्थेचा पॉवरलाइन अडॅप्टरवरील बंदीचा ठराव.

महोदय,

माझ्या वडिलांच्या पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये तळहाताएवढे एक पांढरे यंत्र होते. त्यावरचा दिवा एरवी हिरवा असे. इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला की तो नारिंगी होई, पंप थांबला की पुन्हा हिरवा. यावरून एवढेच कळते की पंपाची मोटर विजेच्या वायरींत गोंगाट सोडते. आमच्या व्यवस्थापक समितीने यावरून असा निष्कर्ष काढला की माझे यंत्र पंप बिघडवते. मी पदार्थविज्ञान शिकवत होते. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल अकरावीच्या मुलाने केली असती, तर मी त्याला उत्तर पुन्हा लिहायला लावले असते. समितीला तसे करायला लावता येत नाही, म्हणून आपणांस लिहीत आहे.

माझे वडील श्री. यशवंत रेडकर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, हे संस्थेचे संस्थापक सभासद आहेत. गेल्या वर्षी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली. मुलुंडच्या वाचा-उपचारतज्ज्ञ ऋता त्यांना व्हिडिओ कॉलवर बोलायला शिकवत होत्या. त्या पडद्यावर ओठ आणि जीभ कशी हलवायची ते दाखवत, भाऊ तसे करून बघत. यात चित्र अडकले की धडा संपला. आमचे राउटर पुढच्या खोलीत आहे, भाऊ मागच्या. मध्ये दोन जाड भिंती आहेत आणि वाय-फाय पहिल्याच भिंतीशी हात टेकते. मोबाइलचे नेटवर्क मागच्या उंच इमारतीने अडवले आहे. जमिनीवरून वायर ओढावी तर भाऊ दोघांच्या आधाराने न्हाणीघरापर्यंत जातात, त्यात पाय अडकेल. भिंतीला भोके पाडायला संस्थेची मनाई आहे. म्हणून मी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी आणली. एक राउटरपाशी, एक भाऊंपाशी. घरात आधीच असलेल्या विजेच्या वायरीतूनच ती इंटरनेट नेते. भाऊ 'प' आणि 'म' पार करून 'ल' आणि 'व' पर्यंत आले होते.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या शकुताईंना आंघोळ करताना झिणझिण्या आल्या. सचिव श्री. यज्ञेश म्हसकर यांनी सभेत सांगितले, की वायरीतून सोडलेले इंटरनेट गिझरमार्गे पाण्यात उतरते. एकही माणूस हसला नाही. शकुताईंच्या गिझरला अर्थिंग नाही, त्याने जीव जाऊ शकतो, हे मी उभी राहून सांगितले. अर्थिंगचा विषय पुढील सभेवर ढकलण्यात आला. माझ्या यंत्रांची तपासणी तातडीची ठरली.

तपासणी सचिवांचे जावई कृणाल यांनी केली. ते सीसीटीव्ही कॅमेरे बसवतात. त्यांनी दोन्ही अडॅप्टर स्पाइक गार्डच्या बोर्डात लावले. स्पाइक गार्ड वायरीतला गोंगाट अडवायलाच बनवलेला असतो, आणि त्याच्या लेखी आमचे इंटरनेट हाही गोंगाटच. यंत्रे चालली नाहीत. अहवालात पहिल्या परिच्छेदात 'यंत्र निकामी' असे आहे आणि दुसऱ्यात 'यंत्राचे संकेत संपूर्ण इमारतीत पसरतात' असे आहे. समितीने दोन्ही परिच्छेद एकमताने स्वीकारले आणि बंदी घातली. अडॅप्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर संस्थेचा शिक्का मारलेली पट्टी चिकटवून मला परत दिले. पट्टी तोडायची नाही. मी तोडली नाही. मूर्खांनी केलेला नियमही रद्द होईपर्यंत नियम असतो, असे मला तोवर वाटत होते.

मी हरकत घेतली. उत्तर आले, की घर भाऊंच्या नावावर आहे, म्हणून हरकत भाऊंनीच घ्यावी. भाऊंनी डाव्या हाताने सही केली. ती जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून नाकारली गेली. सभासदाने सभेत येऊन स्वतःच्या तोंडाने सांगावे, असे ठरले. म्हणजे भाऊ बोलले तर यंत्र लावता येईल, आणि यंत्र लावले तरच भाऊ बोलायला शिकतील. हे वर्तुळ मी अध्यक्ष श्री. नंदू पाटणकर यांना कागदावर काढून दाखवले. ते म्हणाले, "उत्तराताई, तुम्ही फार टेक्निकल बोलता." तोवर मी भाऊंसमोर आरसा धरून धडे घेत राहिले. मला ते ऋतांसारखे जमत नाही. भाऊंची जीभ पुन्हा जड होऊ लागली होती. निर्णय मात्र प्रत्येक सभेत पुढच्या सभेवर जात होता.

शेवटी विशेष सभा पार्किंगमध्ये भरली. लिफ्ट नाही. ट्रॉम्ब्याहून मासे घेऊन येणाऱ्या सरूबाई आणि त्यांचा मुलगा अनंता यांनी भाऊंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणले. सचिव म्हणाले, बाहेरच्या माणसांनी थांबू नये. सरूबाई म्हणाल्या, "भाऊ बोलत नाय, म्हनून तुमीच सगला बोलून घेता काय?" हे वाक्य इतिवृत्तात 'बाह्य व्यक्तीचा हस्तक्षेप' म्हणून वेळेसह नोंदले आहे. त्या सभेची तेवढी एकच नोंद काळजीपूर्वक झाली आहे.

भाऊंच्या मताची नोंद 'अस्पष्ट' अशी आहे. ती खोटी आहे. ती दुरुस्त करण्याचे आदेश संस्थेस द्यावेत, एवढीच माझी विनंती आहे. दुरुस्ती करणाऱ्यास अडचण पडू नये म्हणून काय घडले ते लिहिते.

सचिवांनी भाऊंच्या कानाशी ओरडून विचारले, "बंदी ठेवूया ना, भाऊ? ठेवूया ना?" भाऊंना ऐकू उत्तम येते. माझ्या मांडीवर ती शिक्का मारलेली पिशवी होती, तिच्याकडे ते बघत राहिले. सचिव "बरं, पुढचा विषय" म्हणाले आणि पंपाच्या खोलीला कोणता रंग द्यावा यावर चर्चा सुरू झाली. पिस्ता की क्रीम. तेवढ्यात भाऊंची जीभ वर टाळूला लागलेली मला दिसली. ती तिथे बराच वेळ राहिली. मग खालचा ओठ वरच्या दातांपाशी गेला. रंगाची चर्चा थांबली. समितीकडे न बघता, माझ्याकडे बघून, पार्किंगमधल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात भाऊ म्हणाले, "लाव."

सभासद नसलेली, आपली नम्र,
उत्तरा यशवंत रेडकर
घाटकोपर (पूर्व), दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत: इतिवृत्ताची प्रत, कृणाल यांचा अहवाल, शिक्क्याची पट्टी, तोडलेली.