‘त्या’ तरुणीबाबत खुलासा

१६ नोव्हेंबर १९९९
सकाळची बी.पी.ची गोळी दुपारी घेतली. चालतं की नाही, डॉक्टरला विचारायचं राहिलं.
दत्तू न्हाव्याच्या दुकानात पेपर वाचला, मोठ्यानं. चौथीच झालेलो आहे, पण त्या बाकावर चष्मा माझ्याकडंच. पेपरात रोज इंटरनेटची मालिका येते. आजचा भाग पुण्याच्या मुलीचा. कॉम्प्युटरवर गप्पा मारायला बसली, कुणा अनोळख्याच्या नादी लागली, घर सोडलं. वर चित्र काढलंय. कोळ्याचं जाळं आणि मधोमध ओढणीतली मुलगी.
मनी, म्हणजे आमची नात मनीषा, एसटीनं नगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते. ही गोष्ट मीच या बाकावर बसून फुशारकीनं सांगितलेली. आज वाटलं, कशाला सांगितली.

१७ नोव्हेंबर
मालिकेचा पुढचा भाग. इंटरनेटमुळं डोळे जातात, झोप जाते, पोरं आईबापाला उलट बोलतात. काल मनी सुनेला म्हणाली, "आई, भाजीत मीठ जास्त झालंय." ते उलट बोलण्यात धरायचं का?
भास्करला विचारलं. म्हणाला, "आबा, पेपर बंद करा दोन दिवस." मुलगा असून बापाला असं बोलतो. त्यानं तर कॉम्प्युटर बघितलेलाही नाही.

१८ नोव्हेंबर
आज पेपर दोनदा वाचला.
जिल्ह्याच्या पानावर आमच्या गावाचं नाव. ‘मिरजगावची तरुणी चॅटिंगच्या विळख्यात’. खाली लिहिलंय, आमच्या वार्ताहराकडून. घरी क्लासचं निमित्त सांगून ही मुलगी नगरच्या एका इंटरनेट केंद्रात तासन्‌तास बसते, परदेशातल्या तरुणाशी सूत जुळलंय, आईवडील अंधारात, पालकांनो सावध व्हा. नाव दिलेलं नाही.
दुकानात नुसता दंगा. कुणी म्हणालं डॉक्टरची पोरगी, कुणी म्हणालं हायस्कूलच्या सरांची धाकटी. दत्तू वस्तरा हातात धरून हसत होता. "परदेशातला जावई आला तर दाढी कुटं करील हो? माझ्याकडंच ना?"
आमच्या मनीचं नाव कुणी घेतलं नाही. म्हणजे माझ्यासमोर तरी घेतलं नाही.

१९ नोव्हेंबर
मनीला एकटीला गाठून विचारलं. आधी हसली. मग म्हणाली, "एकदा केलं हो चॅटिंग, आबा. सरांनीच सगळ्यांना दाखवलं. समोरचा कुठला होता कुणास ठाऊक. त्यानं विचारलं, काय जेवलीस? मी लिहिलं, भाकरी. त्याला भाकरी म्हणजे काय ते कळेना. ते सांगण्यातच वेळ संपला."
बस्स. एवढंच म्हणते.
आणखी सांगितलं की जानेवारीपासून क्लासचे सर तिला तिथंच शिकवायला ठेवणार आहेत. नवीन पोरींना ती शिकवणार. तोंड उजळलं होतं सांगताना. "पक्कं होईपर्यंत कुणाला बोलू नका आबा. आणि त्या बातमीचं तर कुठंच काढू नका. दोन दिवसांत विसरतात लोक."
विसरतात? मी तर काहीच विसरत नाही.

२० नोव्हेंबर
श्रीगोंद्याचे पाहुणे तुळशीचं लग्न झालं की मनीला बघायला येणार आहेत. मुलगा साखर कारखान्यात क्लार्क. त्यांनी बातमी वाचली असेल का? पेपर तिकडंही जातो.
दिवसभर चैन नाही. गिरणीत गेलो. सहज म्हणून बोललो, ती पेपरातली पोरगी आमची नव्हे बरं का. एसटी स्टँडवर सांगितलं. मारुतीच्या पारावर सांगितलं. लोक नुसते बघतात.
दत्तूला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, आमच्या मनीवर कुनाचा संशय हाय का?"
म्हणाला, "न्हवता, आबा."
मी विचारलं, न्हवता म्हणजे?
"आता तुमी इचारत फिरताय म्हनल्यावर मानसं इचार करनारच की."
जादा गोळी घेतली.

२१ नोव्हेंबर
पोपटरावाकडे गेलो. स्टँडसमोर त्याचा एसटीडी बूथ आहे, पेपरची एजन्सी त्याचीच आणि गावचा वार्ताहरही तोच. सरळ विचारलं, कोण मुलगी?
बूथचं दार लावून घेतलं आणि हसायला लागला. "आबा, पोरगी-बिरगी कोनी न्हाई."
मला कळेना.
"नगरच्या हापिसातून फोन आला. पुन्याचं आलं, नाशकाचं आलं, तुमच्या भागातलं कायतरी द्या म्हनले इंटरनेटवर. हितं कुनाच्या बापानं इंटरनेट बघितलंय? मग दिलं लिव्हून."
म्हटलं, तसं छाप की मग. मुलगी नव्हतीच म्हणून छाप.
"आन माजी वार्ताहरकी? तुमी भाईर बोललात तर मी सरळ न्हाई म्हनंन, सांगून ठिवतो." मग खांद्यावर हात टाकला, चहा मागवला. "तुमाला एवढी काळजी वाटती तर खुलासा देऊ. कायदेशीर असतो. एकदा खुलासा छापला की तोंडं बंद."
तिथंच लिहिलं. सदर वृत्तातील तरुणी म्हणजे मिरजगाव येथील श्री. गणपत यांची नात कु. मनीषा (पुढं भास्करचं नाव, आडनाव, सगळं) नव्हे, याची वाचकांनी नोंद घ्यावी. वाचून दाखवलं. कान तृप्त झाले. पेपरची भाषा ती पेपरची भाषा.
म्हणाला, "फोटू असंल तर आना. फोटूनं खात्री पटती."
घरी येऊन ट्रंकेतून मनीचा बारावीच्या निकालाचा फोटो काढला. दोन वेण्या, रिबिनी. नेऊन दिला. घरात कुणाला सांगितलं नाही. छापून आल्यावर दाखवायचं, म्हणजे आनंद होईल.
रात्री बरी झोप लागेल असं वाटतंय.

२३ नोव्हेंबर
आला खुलासा. फोटोसकट.
वरती ठळक, ‘मिरजगाव चॅटिंग प्रकरण’. त्याखाली मनीचा फोटो. त्याखाली ‘त्या तरुणीबाबत खुलासा’. मग बारीक अक्षरात मजकूर. ‘नव्हे’ हा शब्द ओळीच्या शेवटी, नीट दिसत नाही. शाई कमी पडली आहे.
दत्तूच्या दुकानात मोठ्यानं वाचला. वाचताना आवाज चांगला लागला होता. एक म्हातारा, त्याला वाचता येत नाही, पेपर जवळ धरून फोटो बघत होता. म्हणाला, "हीच का ती? दिसती तर गरीब."
म्हटलं, अहो ती नव्हे, तेच तर छापलंय.
म्हणाला, "न्हवं तर मग फोटू कशाला छापला?"
दुपारी भास्कर आला. पेपर माझ्या अंगावर टाकला. "तुमाला कुनी सांगितलं हुतं?" सून चुलीपुढं बसून रडत होती. मनी एसटीनं संध्याकाळी येते. तिच्या वाटेकडं बघायची भीती वाटली म्हणून आत जाऊन पडलो.

२४ नोव्हेंबर
मनी कालच सगळं ऐकून आली होती. एसटीत मागच्या सीटवरची पोरं ओरडत होती, भाकरी, भाकरी.
ही भाकरीची गोष्ट त्यांना कशी कळली? मी फक्त गिरणीत सांगितली होती. ती किती भोळी आहे हे लोकांना पटावं म्हणून.
क्लासच्या सरांनी आज परत पाठवलं. दुसऱ्या मुलींच्या घरून विचारणा झाली, क्लासची बदनामी नको. जानेवारीचं विचारलं तर म्हणाले, बघू पुढं.
आमच्या मनीनं माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, "फोटो तुम्ही दिलात?"
होय म्हटलं. चांगला फोटो आहे, असंही म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

२६ नोव्हेंबर
पोपटराव स्वतः बोलवायला आला, श्रीगोंद्याचा फोन आहे. भास्कर गेला. मी मागोमाग. पाहुणे म्हणाले, पोरगी चांगली असंल, पन पेपरात नाव यायला नको हुतं.
भास्करनं फोन ठेवला. पोपटराव मीटरवरचा आकडा बघत मला म्हणतो, "आबा, दुसरा खुलासा देऊ का?"
भास्करनं त्याची गचांडी धरली. मी सोडवलं. पोपटरावाशी वाकडं घेऊन कसं चालेल, उद्या आणखी काही छापेल.
घरी आल्यावर तो राग मनीवर निघाला. भास्करनं हात उचलला. क्लास बंद, उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. वह्या बंबात घातल्या. मी पाणी तापलं का बघायला गेलो तर जळक्या पानांवर तिचं सुबक अक्षर दिसत होतं.

२८ नोव्हेंबर
पेपरात आज वाचकांची मतं. एका निवृत्त माणसानं लिहिलंय, मिरजगावच्या घटनेनं आमचे डोळे उघडले. एका बाईंनी लिहिलंय, अशा मुलींना आईवडिलांनीच आवर घालायला हवा.
घटना म्हणतात. कुठली घटना? पोपटराव तर म्हणाला होता, बनवलेली.
पण एवढे शिकलेले लोक लिहितात, पेपर छापतो, ते सगळं उगीच? पोपटरावच खोटं बोलला असेल तर? मला बरं वाटावं म्हणून बनवली म्हणाला असेल. मनी एकदाच चॅटिंग केलं म्हणते. एकदाच कशावरून?
तिला विचारलं. पुन्हा. तिनं उत्तर दिलं नाही. खरी असती तर बोलली असती. खोटी असती तरी बोलली असती. मला कळत नाही.

३० नोव्हेंबर
सून माझं ताट लांबून सरकवते. मनी मला आबा म्हणत नाही. पाणी हवं का, एवढंच. तेही भिंतीकडं बघून.
पाथर्डीकडचं एक स्थळ आलंय. बिजवर. पहिली वारली, मूल लहान आहे. वय बरंच आहे, दात पुढं आहेत. मध्यस्थ म्हणाला, "मानसं साधी हायती. पेपर वाचत न्हाईत." भास्करनं होकार कळवला. सुनेनं तोंडाला पदर लावला.
मी म्हटलं, मुलीला विचारा तरी. भास्कर म्हणाला, "तुमी गप बसा. तुमी बोललात की छापून येतं."
मध्यस्थ खो खो हसला. आमच्याच ओसरीवर, आमच्याच कपातला चहा पिऊन.

२ डिसेंबर
पाथर्डीचे लोक बघून गेले. नवरदेव चप्पल काढायला वाकला तर शर्टाची बटणं ताणली. मनीला विचारलं, स्वयंपाक येतो का. म्हणाली, "भाकरी येते."
कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.
सुपारी तेरा तारखेला, सोमवारी.

४ डिसेंबर
आज मनी स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसली. हातात एक कागद. म्हणाली, हा पोपटरावकाकांना द्या.
चष्मा लावून वाचला. तिच्याच अक्षरात, अगदी पेपरच्या भाषेत. खुलासा. मिरजगाव चॅटिंग प्रकरणातील तरुणी मीच असून यापूर्वीचा खुलासा माझ्या आजोबांनी गैरसमजातून दिलेला होता. सदर परदेशी तरुणाशी माझे लग्न ठरले आहे, याची वाचकांनी व संबंधितांनी नोंद घ्यावी. खाली पूर्ण नाव. सही.
विचारलं, "खरं हाय का गं हे?"
म्हणाली, "पेपरात आलं की होईल."
म्हटलं, पाथर्डीचे पेपर वाचत नाहीत.
"हे त्यांना कुणीतरी वाचून दाखवेलच की. आपल्या गावात वाचून दाखवणारे आहेत."
पाथर्डीचं मोडेल. पण मग इथं कोण ठेवील तिला? भास्कर काय करील? हाताशी काय लागेल त्यानं मारील. ती म्हणते, मारू दे, नगरला मैत्रीण आहे, एकदा घराबाहेर काढलं की झालं. सगळं ठरवून बसली आहे. मला फक्त कागद पोचवायचा आहे. कारण मला कुणी अडवत नाही. म्हातारा पेपर आणायलाच जातो.

५ डिसेंबर
कागद कोपरीच्या खिशात घालून बूथवर गेलो. पोपटराव फोनवर बोलत होता, हातानंच बसा म्हणाला. बसलो. फोन ठेवून म्हणतो, "काय आबा, नवीन काय आनलंय?"
म्हटलं, काही नाही. पेपर द्या.
घामानं कागद ओला झालाय. शाई फुटली असेल. उघडून बघायचा धीर होत नाही. दिला तर तिचं घर जाईल. नाही दिला तर सोमवार आहेच.
संध्याकाळी मनीनं चहा आणला. कप हातात दिला. कितीतरी दिवसांनी म्हणाली, "आबा." मग हळूच, "दिलात ना?"
तिच्या तोंडावर तसाच उजेड होता, जानेवारीचं सांगताना होता तसा.
होय म्हटलं.
"मग उद्याच्या पेपरात येईल?"
म्हटलं, येईल.